सीट ७० किलोमीटरची, टाकी ५०० ची

माझ्या मोटारसायकलची टाकी एका भरणीत ५०० किलोमीटर नेते. तिच्यासोबत कंपनीतून आलेली सीट मात्र ७० किलोमीटरला संपायची. नाशिकहून सकाळी निघालं की विंचूर मागं पडून येवला यायच्या आत मांड्यांच्या खालून मुंग्या सुरू व्हायच्या. तिथून पुढे मी रस्ता बघत नसे, किलोमीटरचे दगड बघत असे.

मी भुईकाटे दुरुस्त करतो. ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ज्यांच्यावर चढवून वजन करतात ते मोठे काटे. लासलगाव, येवला, मनमाड, नांदगाव, मालेगाव, सटाणा, कळवण हा माझा पट्टा. काटा बंद पडला की बाहेर ट्रॉल्यांची रांग लागते, त्यामुळे फोन आला की निघावंच लागतं. प्रमाणित वजनं टेम्पोतून जातात. मी, हत्यारांची पिशवी आणि लागला तर एखादा लोड सेल (काट्याखाली बसून वजन मोजणारा भाग), एवढे गाडीवर. महिन्याला साधारण २,४०० किलोमीटर होतात. गाडी १६० सीसीची, टाकी १२ लिटरची, अडीच वर्षांत मीटर ७१,००० च्या पुढे गेलंय. गाडी कुठल्या कंपनीची ते इथे महत्त्वाचं नाही. मला लिहायचंय ते नाशिकच्या सारडा सर्कलजवळच्या गल्लीत सीटचं काम करणाऱ्या एका कारागिराबद्दल, आणि त्या कामानं माझ्या पेट्रोलच्या वहीत जे आकडे बदलले त्यांच्याबद्दल. वही म्हणजे खरोखरची वही. गाडी घेतल्या दिवसापासूनची प्रत्येक भरणी तीत लिहिलेली आहे.

सुरुवातीला मला वाटलं दोष माझ्या कंबरेचा आहे. चाळिशी जवळ आली, वजन ८२ किलो, दिवसभर काट्याच्या खड्ड्यात वाकून काम. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कंबर ठीक आहे, बसायची जागा बघा. जागा बघा म्हणजे काय बघा, हे कळायला मला पुढे वर्ष लागलं आणि मधे तीनेक हजार रुपये गेले.

पहिल्यांदा घेतलं जाळीचं कव्हर, ऑनलाइन, १,१०० रुपयांना. सीट आणि आपण यांच्यामध्ये हवा खेळती ठेवणारी जाडसर जाळी असते ती. एप्रिल-मे महिन्यात मालेगावच्या बाजूला पारा चाळिशीपार जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं काळं रेक्झिन हात लावू देत नाही. तेव्हा या जाळीनं खरंच सुख दिलं, पँट ओली होणं थांबलं. पण मुंग्या जिथे यायच्या तिथेच आल्या. घामाचं दुखणं वेगळं आणि दाबाचं वेगळं, हे तेव्हा समजलं. जाळी मी अजून वापरतो, फक्त उन्हाळ्यात.

दुसऱ्यांदा घेतली हवेची गादी, १,९०० ची. तिचा गुण असा की हवा कमी भरायची. फुग्यासारखी टम्म भरली तर माणूस वर तरंगतो आणि गाडी हातात राहत नाही. आपण बसल्यावर खालच्या सीटला नुसता पुसटसा स्पर्श होईल एवढीच हवा ठेवायची. तशी ठेवल्यावर सरळ रस्त्याला शंभर किलोमीटरपर्यंत आराम मिळाला, हे मान्य करायलाच हवं. पण वळणावर अंग आधी एका बाजूला डुलतं आणि मग गाडी वळते. सप्तशृंगीच्या घाटात ते मला अजिबात आवडलं नाही. आणि माझ्या कामात गाडी कुठेही उभी राहते. नांदगावजवळ एका गोदामाच्या आवारात बाभळीचा काटा लागून तिची हवा गेली. ज्यांचा प्रवास मुख्यतः महामार्गाचा आहे आणि ज्यांना मूळ सीट फोडायची नाही, त्यांनी ती जरूर वापरून पाहावी. पंक्चर काढायची चिकटपट्टी सोबत ठेवावी.

मग एका ट्रकवाल्यानं सारडा सर्कलचा पत्ता दिला. गॅरेजच्या ओळीत दहा बाय दहाचा गाळा, बाहेर टांगलेली रेक्झिनची भेंडोळी, आत फोमचे ठोकळे आणि साठीच्या घरातले एक कारागीर. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागलो. याआधी दोन दुकानांत गेलो होतो. तिथे दोघांनीही सीटवर अंगठा दाबून सांगितलं होतं, "वरून दोन इंच मऊ फोम टाकून देतो, गादीसारखी होईल." चाचांनी सीटला हात लावला नाही. म्हणाले, "बसा भाऊ गाडीवर. पाय वर घ्या, हँडल धरा, रोज बसता तसं बसा." आणि बाजूला स्टूल ओढून चहा मागवला. मी बसून राहिलो. पाच-सात मिनिटांनी त्यांनी खडू घेतला आणि मी जिथे बसलो होतो तिथे सीटवर खूण केली. मग माझ्या लक्षात आलं की सुरुवातीला जिथे बसलो होतो त्यापेक्षा मी चार बोटं पुढे सरकलोय, टाकीला जवळजवळ टेकलोय. चालवताना हेच होत होतं. दर दोन-तीन किलोमीटरला मी स्वतःला मागे ढकलत होतो आणि ते इतकं सवयीचं झालं होतं की जाणवतही नव्हतं.

माझ्या पिशवीत लेव्हल असते, बुडबुड्याची. काटा बसवताना प्लॅटफॉर्म सपाट आहे का ते बघायला लागते. मी उतरून ती सीटवर ठेवली तर बुडबुडा जवळपास मधोमध! मी चाचांना म्हटलं, सीट तर सपाट दिसतेय. ते म्हणाले, "गाडी स्टँडवर आहे आणि तुम्ही खाली आहात. कुणी बसल्याशिवाय सीटचं माप घेऊन काय उपयोग?" गाडी स्टँडवरून उतरवली, मी बसलो, अंग थोडं उचलून लेव्हल खाली सरकवली आणि त्यांनी वाकून पाहिलं. फोम पुढच्या बाजूला बसलेला होता, त्यामुळे उतार टाकीकडे स्पष्ट होता. मी स्वतः रोज लोकांना सांगतो की रिकाम्या काट्यावर शून्य दिसलं म्हणून काटा बरोबर नसतो, वजन ठेवून बघावं लागतं. तेच सीटला लागू आहे हे मला त्या गल्लीत उमगलं.

रेक्झिन काढल्यावर आतला फोम दिसला. दोन ठिकाणी वाटीसारखे खळगे पडले होते, हाताच्या तळव्यानं चाचपले की लगेच लागत. बसल्यावर शरीराचं बहुतेक वजन ओटीपोटाच्या खालच्या टोकाला असलेल्या दोन हाडांवर येतं. ती हाडं फोममध्ये रुतून खालच्या प्लास्टिकच्या तळापर्यंत पोचली की तिथली कातडी आणि स्नायू हाड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये दाबले जातात, रक्त नीट फिरत नाही, आधी ठणका आणि मग बधिरपणा येतो. म्हणून दुकानात अंगठ्याला मऊ लागणारी सीट ही फसवी गोष्ट आहे. अंगठ्याला मऊ म्हणजे हाडांना तळ लवकर लागणार. भुईकाट्यावर आम्ही कोपऱ्यांची चाचणी घेतो. तेच वजन चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं ठेवायचं आणि आकडा सारखा येतो का ते बघायचं. एकाच लोड सेलवर भार पडत राहिला तर तो सेल जातो. माझ्या सीटवर गेली दोन वर्षं फक्त दोन कोपरे काम करत होते.

फोमच्या बाबतीत एक गोष्ट मला चाचांकडून शिकायला मिळाली, ती सगळ्यांनी सीट करायला जाण्याआधी समजून घ्यावी. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. डेन्सिटी जास्त असेल तर फोम जास्त दिवस टिकतो, लवकर बसत नाही. कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही मिळतो. दुकानदार नुसतं "हेवी डेन्सिटी टाकतो" म्हणाला तर त्यावरून सीट कशी लागेल ते कळत नाही. दोन्ही विचारायचं, आणि तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर स्वतः बसून बघायचं. चाचांनी मला तीन तुकड्यांवर बसवलं.

त्यांनी केलेलं काम असं. खळगे पडलेला भाग हॅकसॉच्या पात्यानं कापून काढला. त्या जागी तळाला रिबॉन्डेड फोमचा थर, म्हणजे फोमचे बारीक तुकडे दाबून चिकटवलेला, रंगीबेरंगी दिसणारा, बराच जड आणि कडक. त्यावर ५० डेन्सिटीचा लवचीक थर. पुढच्या बाजूला, टाकीजवळ, पाऊण इंच उंची वाढवली म्हणजे मी बसल्यावर उतार राहणार नाही. जिथे हाडं टेकतात तिथे सीट दोन्ही बाजूंना जरा रुंद केली आणि मांड्या जिथून खाली वळतात तिथल्या कडा ग्राइंडरनं गोल केल्या. कडा तशाच ठेवल्या असत्या तर रुंदी वाढल्यामुळे पाय जमिनीला नीट टेकले नसते, शिवाय मांडीच्या आतली शीर दाबली गेली असती. सोल्युशन वाळेपर्यंत थांबलो, परत बसलो, परत खडू, परत ग्राइंडर. असं चार वेळा. जेल टाकता का असं मी विचारलं, कारण त्याच्या जाहिराती खूप दिसतात. ते म्हणाले, टाकून देईन, पण तुमची गाडी दिवसभर उन्हात उभी असते, जेल तापलं की लवकर निवत नाही. पैसे वाढले असते त्यांचे, तरी नको म्हणाले. हे मला फार मोलाचं वाटलं.

एकूण २,६०० रुपये झाले, रेक्झिन आणि शिलाई धरून. वेळेचं मात्र बोलायला हवं. "संध्याकाळी देतो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिली. मला त्या सकाळी कळवणला जायचं होतं, मित्राची स्कूटर मागून जावं लागलं. कामाला दोन दिवस लागतात असंच धरून चाला आणि सुटीच्या आदल्या दिवशी गाडी टाका.

पहिला आठवडा मी निराश होतो. सीट कडक लागत होती आणि पैसे वाया गेले असं वाटत होतं. चाचांना फोन केला तर म्हणाले, "पंधरा दिवस चालवा, मग या. नाही जमलं तर परत कापतो." पंधरा दिवसांनी खरंच गेलो, पण तोपर्यंत तक्रार फक्त उजव्या बाजूच्या कडेची उरली होती, ती त्यांनी पिना उपसून, दहा मिनिटांत घासून, परत ठोकून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली. पुण्याला एका कंपनीत काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारा डबा, घेऊन जायचं होतं आणि त्याच रात्री परत यायचं होतं, येऊन-जाऊन ४२० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि पुण्याला तिचा तसाही उपयोग नाही, आपला सिन्नर-संगमनेरचाच रस्ता. पूर्वी या रस्त्याला माझे थांबे ठरलेले असत: नांदूर शिंगोटे, संगमनेर, आळेफाटा, राजगुरूनगर. त्या दिवशी सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, चंदनापुरीचा चढ गेला, आळेफाट्याला चहा घ्यावा असं मनात आलं पण उतरावंसं वाटेना. नारायणगावला उतरलो, सुमारे १३५ किलोमीटरनं, तेही भूक लागली म्हणून. उतरल्यावर सरळ चालता आलं. आधी गाडीवरून उतरल्यावर पहिली दहा पावलं मी म्हाताऱ्यासारखा टाकायचो आणि हॉटेलातली पोरं बघायची.

आता पेट्रोल. हा भाग मी मुद्दाम सीटच्या मागे ठेवलाय, कारण त्याचं मूळ सीटमध्येच निघालं.

माझी मोजायची पद्धत साधी आहे पण कडक आहे. नेहमी एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. साइड स्टँडवर गाडी तिरकी असते आणि टाकी दर वेळी वेगळी भरते. गळ्यापर्यंत भरून घ्यायचं नाही. पेट्रोल तापलं की फुगतं, १५ अंश तापमान वाढलं तर १२ लिटरमागे पावणेदोनशे मिलीच्या आसपास. सकाळी थंडगार पेट्रोल काठोकाठ भरून गाडी मनमाडच्या उन्हात उभी केली तर त्याला जायला जागा हवी. दोन भरण्यांमधले किलोमीटर भागिले दुसऱ्या भरणीचे लिटर. एका भरणीवरून निष्कर्ष काढत नाही, तीनची सरासरी धरतो. पंपाच्या मापाचा संशय असेल तर भांडण न करता ५ लिटरचं प्रमाणित माप मागावं, ते पंपावर असतंच आणि ग्राहकाला समोर मोजून दाखवावं लागतं. ५ लिटरला २५ मिलीपर्यंत फरक कायद्यानं चालतो. मी ज्या पंपावर भरतो तिथे दोनदा मोजून घेतलंय, दोन्ही वेळा माप चोख होतं.

मीटरवरची पेट्रोलची खूण लुकलुकायला लागली म्हणजे टाकीत किती उरलंय, हे प्रत्येकानं आपल्या गाडीपुरतं काढून ठेवावं. मी तीन वेळा लुकलुक सुरू होताच जवळच्या पंपावर जाऊन भरलं. ९.४, ९.६ आणि ९.७ लिटर बसलं. म्हणजे त्या क्षणी सव्वादोन-अडीच लिटर शिल्लक असतं. माझ्या ४८ च्या सरासरीनं ते शंभर किलोमीटरच्या पुढे जाईल, पण मी त्यातले फक्त ५० धरतो. टाकीतला, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्यातच थंड राहतो, आणि त्याला कोरडं चालवणं बरं नाही. घाटात या लुकलुकीवर विश्वास ठेवू नका. टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटवर तो आकडा चालतो, गाडी चढाला लागली की पेट्रोल मागे सरकतं. पेठ रस्त्याला सावळघाटात मीटरवरचा पेट्रोलचा एक दांडा कमी झालेला पुढे सपाटीवर परत येतो, हे कितीदा तरी पाहिलंय. सुरगाणा, हरसूल या बाजूला जाताना मी अर्ध्या टाकीवरही नाशिकमध्येच भरून निघतो. महामार्गाला पंपांची ददात नाही, पण कांद्याच्या हंगामात लासलगाव-विंचूरच्या पंपांवर ट्रॅक्टरची रांग असते. तिथे थांबायची वेळच येऊ नये म्हणून मला लांब पल्ला लागतो.

वहीतले आकडे असे. ५५-६० च्या वेगानं, एकटा, पिशवीसह: ४८. मुंबई-आग्रा महामार्गावर ८५-९० नं चांदवड-मालेगाव: ४१. बायको मागे आणि सामान: ४३-४४. द्वारका, मुंबई नाका, सातपूर असा दिवसभर शहरात फिरलो तर ४२. ४८ आणि ४१ मधला फरक म्हणजे लुकलुक लागेपर्यंत एका टाकीत ६५ किलोमीटरपेक्षा जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ६० चे ९० केले तर तो सव्वादोनपट होतो, आणि दुचाकीवर माणूस छाती काढून त्या हवेतच बसलेला असतो. पेट्रोलही बदललंय. २०२५ पर्यंत सगळीकडे ई-२० आलं, म्हणजे १०० भागांत २० भाग इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे पूर्ण मिश्रणात शंभराला सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. माझ्या वहीत गाडी नवी असताना त्याच वेगाला ५१ लिहिलेले आहेत. सगळा फरक इथेनॉलचा असं मी म्हणणार नाही, ७१,००० किलोमीटरचं इंजिनही आहे.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो आकडा वेगळाच आहे. नाशिक-येवला-नांदगाव-मनमाड-नाशिक हा माझा महिन्यातून तीनदा होणारा फेरा. सीट करायच्या आधीचे सहा महिने काढले तर या फेऱ्याची सरासरी ४४. जानेवारीनंतरची ४८. गाडी तीच, टायर तेच, हवा दर सोमवारी तपासलेली, पेट्रोल तेच, रस्ता तोच. मला पहिल्यांदा वाटलं लिहिण्यात चूक आहे. मग एक दिवस मुद्दाम स्वतःकडे लक्ष ठेवलं आणि कारण सापडलं. दुखायला लागलं की मी वेग वाढवायचो. ७० किलोमीटरनंतर लवकर पोचायची एवढी घाई व्हायची की ६० चे ८० कधी झाले कळायचंच नाही. थांबून पाय मोकळे केले की गेलेला वेळ भरून काढायला परत ८५. आता येवल्याच्या पुढेही मी त्याच ६० वर असतो, कारण पोचायची तळमळच नसते. आणि वेळ? फेऱ्याला दहा-पंधरा मिनिटं कमीच लागतात, थांबे गळाले म्हणून.

महिन्याच्या २,४०० किलोमीटरला ४४ नं साडेचोपन्न लिटर लागत होतं, ४८ नं ५० लागतं. साडेचार लिटरचे आजच्या भावानं साडेचारशेच्या वर रुपये. सीटचे २,६०० सहा महिन्यांत निघाले. कुणी मला मायलेज वाढवायचा उपाय विचारला तर मी आता आधी विचारतो, किती किलोमीटरला दुखायला लागतं?

सीटसोबत आणखी दोन गोष्टी केल्या, त्यांचाही वाटा आहे. मागचे शॉकअप माझ्या वजनाला आणि पिशवीला सैल पडत होते, ते एक खाच कडक केले. आणि जाड शिवणीच्या जीन्स लांबच्या दिवशी घालणं सोडलं. शिवण नेमकी हाडाखाली येते, शंभर किलोमीटरनंतर ती दोरीसारखी टोचते. साधी सुती पँट बरी. शिवाय रस्ता मोकळा असेल तेव्हा दहा-पंधरा किलोमीटरला फूटरेस्टवर अर्धा मिनिट उभं राहायचं, रक्त परत फिरतं. यासाठी पैसे पडत नाहीत.

उणिवा दोन निघाल्या. जूनमध्ये घोटीच्या पावसात सीट भिजली. वरची एक शिलाई बसायच्या जागेच्या फार जवळून गेली होती आणि टाक्यांच्या भोकांतून पाणी आत गेलं. फोमनं पाणी प्यायलं की दोन दिवस प्रत्येक वेळी बसताना पँट ओली. चाचांकडे नेली तेव्हा त्यांनी आपली चूक मान्य केली, फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद चढवला आणि शिलाई बाजूला, खालच्या अंगाला नेली. त्यानंतर इगतपुरीच्या दोन जोरदार पावसांत आतला फोम कोरडा राहिला. तुम्ही करायला गेलात तर हे आधीच सांगा. दुसरी उणीव उंचीची. मी पाच फूट सात इंच आहे, मला वाढलेली उंची अडचणीची नाही. पण बायको कधी गाडी चालवते, तिचे आता फक्त चवडे टेकतात. सिग्नलला तिला जपावं लागतं.

मागच्या सीटचं मत तिचंच घ्यायला हवं. आम्ही चैत्रात सप्तशृंगी गडावर गेलो होतो, दिंडोरी-वणी-नांदुरी मार्गे. जाताना ती काही बोलली नाही, हेच आधीच्या मानानं खूप होतं. परतीला वणीत थांबलो तेव्हा म्हणाली, "अहो, मागचं काहीच केलेलं नाही ना? मला पुढे सरकायला होतंय, ब्रेक लावला की तुमच्या पाठीवर येते." बरोबर होतं. चाचांनी पुढचा भाग माझ्या मापानं केला आणि मागचा होता तसा ठेवला, कारण मीच एकट्याचं सांगितलं होतं. आईची अडचण तर आणखी निराळी. ती साडीत एका बाजूला बसते, तिचं सगळं वजन सीटच्या डाव्या कडेवर येतं आणि ती कड कंपनीनं अरुंद, खाली उतरती ठेवलेली आहे. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत, दहा-बारा किलोमीटरांत, ती दोनदा थांब म्हणते. दोन्ही पाय टाकून बसणाऱ्यासाठी आणि एका बाजूला बसणाऱ्यासाठी एकच सीट कशी बसवायची, हे मी चाचांना विचारलं.

आता ऑक्टोबर आहे, नव्या सीटवर २१,००० किलोमीटर झालेत. परवा लेव्हल लावून पाहिली, बसल्यावर बुडबुडा मध्ये आहे, खळगे पडलेले नाहीत, रेक्झिन टाकीजवळ थोडं घासलंय. दिवाळीच्या आधी मागचा भाग करायचा ठरलंय. चाचांनी रुंदी, उतार काही लिहून घेतलं नाही. म्हणाले, "आईंना घेऊन या. बसू दे त्यांना इथे अर्धा तास, चहा घेतील. मग मी खडू काढतो."